पहिल्या गिअरमध्ये मागे

अट दादाने घातली आणि मी ती मान्य केली, त्यामुळे नंतर गळा काढायला मला जागा नव्हती. बाबांचा ट्रॅक्टर जुन्या ट्रॅक्टरांच्या मेळाव्याच्या दिवशी, सगळ्यांच्या देखत, मेळाव्याच्या नियमाने एक पट्टा नांगरून दाखवेल, तर तो माझा. नाही जमलं तर तो डॉक्टरांच्या हॉलमध्ये जाईल आणि मी त्यावर पुन्हा एक शब्द काढायचा नाही.

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. जुन्या ट्रॅक्टरवाल्यांच्या आमच्या मंडळाचे अध्यक्ष. त्यांच्याकडे अकरा ट्रॅक्टर आहेत आणि त्यातल्या एकाच्याही चाकाला माती ठाऊक नाही. टायरांना ते बुटासारखं काळं पॉलिश करतात. इंजिनातलं तेल काढून टाकलेलं, टाकी कोरडी, भोवती दोरी, समोर पितळी पाटी. ते त्याला संग्रह म्हणतात. मी शवागार म्हणते, आणि पाठीमागे नाही, तोंडावर म्हणते. ते नुसते हसतात. रोज दुसऱ्यांची तोंडं उघडी ठेवून काम करणाऱ्या माणसाला कुणाच्या बोलण्याचं काही वाटत नसावं.

मी टर्नर आहे. पाण्याचे पंप बनवणाऱ्या कारखान्यात एकतीस वर्षं लेथवर उभी आहे. शाळा आठवीत सुटली, बाकीचं मशीनपाशी शिकले. गोड बोलायला मात्र शिकले नाही, कारण लोखंडाशी कितीही गोड बोललं तरी ते मऊ होत नाही.

ट्रॅक्टर एका सिलिंडरचा. एकच, पण पाण्याची बादली मावेल एवढा. पुढच्या बाजूला इंजिनाचं एक लोखंडी डोकं बाहेर आलेलं आहे. सुरू करायच्या आधी ते रॉकेलच्या ब्लोलॅम्पने चांगलं पंधरा मिनिटं लालसर होईपर्यंत तापवावं लागतं. मग स्टीअरिंग दांड्यासकट उपसायचं, बाजूच्या फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे इंजिनाच्या त्या जडशीळ गोल चाकात, खुपसायचं आणि त्याचाच हँडलसारखा उपयोग करून इंजिन जागं करायचं. जागं झालं की स्टीअरिंग परत जागेवर. माझी वहिनी म्हणते, हा तुमच्या घराण्यातलाच, डोकं तापल्याशिवाय कामाला लागत नाही.

हा ट्रॅक्टर बेचाळीस वर्षांपूर्वी शेवटचा चालला, तो मागे चालला.

दादा तेव्हा सोळाचा, मी नऊची. बाबांनी इंजिन सुरू केलं, स्टीअरिंग दादाच्या हातात दिलं आणि ते मागच्या बाजूला नांगराची खीळ शोधायला गेले. दादाने गिअर टाकला, क्लच सोडला. ट्रॅक्टर पुढे जाण्याऐवजी मागे आला आणि बाबांचा पाय चाक आणि पाण्याच्या हौदाची भिंत यांच्यामध्ये सापडला. नडगी दोन ठिकाणी मोडली. हाड जुळलं ते आखूड जुळलं. दवाखान्यात भेटायला आलेल्या माणसांसमोर खाटेवर पडल्या पडल्या बाबा म्हणाले, या पोराला पुढचा गिअर कुठला आणि मागचा कुठला, तेवढंही कळत नाही. एकदाच म्हणाले. नंतर कधी बोलले नाहीत, आणि कधी परतही घेतलं नाही. पुढची अडतीस वर्षं ते काठी टेकत घरात फिरले, आणि प्रत्येक पावलागणिक दादाला ते वाक्य ऐकू येत राहिलं.

त्यानंतर दादाने कुठल्याच गाडीच्या स्टीअरिंगला हात लावला नाही. सायकलवर असला तरी चौक आला की उतरतो आणि ती हातात धरून पलीकडे नेतो. नोकरी लागली ती वजनमापे खात्यात, निरीक्षक म्हणून. दुकानादुकानात जाऊन तराजू तपासायचे, वजनांवर शिक्का मारायचा. तीन वेळा तोलल्याशिवाय तो कशावरच विश्वास ठेवत नाही, बायकोच्या वाढदिवसाच्या तारखेवरसुद्धा नाही.

बाबा गेले त्याला चार वर्षं झाली. शेड आम्हा दोघांच्या नावावर, शेडमधला ट्रॅक्टरही. दादा म्हणाला, देऊन टाकू. डॉक्टर टपलेलेच होते. मी म्हटलं, आधी मी तो चालवणार. दोन वर्षं आमची यावरून जुंपली होती. शेवटी वहिनीने दोघांना समोरासमोर बसवलं आणि म्हणाली, काय ते एकदाचं ठरवा, माझं जेवण रोज थंड होतंय. तेव्हा ही अट ठरली.

ट्रॅक्टर उघडला तेव्हा पिस्टन सिलिंडरला असा चिकटून बसला होता की दोघांना वेगळं करायला कोर्टातच जावं लागलं असतं. मी त्यात डिझेल आणि इंजिनतेल ओतून ठेवलं आणि रोज कारखान्यातून येताना लाकडाचा ठोकळा धरून घणाचा एक घाव घातला. एकच. दुसरा घातला की राग येतो आणि रागाने बिडाचं लोखंड फुटतं. तेविसाव्या दिवशी केसभर हललं. मी तिथेच जमिनीवर बसले आणि बराच वेळ बसून राहिले.

बाकीच्या कामात मामा होते. ते कुणाचे मामा हे कुणालाच माहीत नाही, सगळ्या मंडळाचे मामा. वय चौऱ्याहत्तर. आयुष्यभर ओतशाळेत साचे केले. इंजिनाच्या डोक्याला तडा होता, तर त्यांनी त्याचा लाकडी नमुना केला, धातू थंड होताना किती आकसेल त्याचा हिशेब बोटांवर धरून तेवढा जाड केला आणि ओळखीच्या ओतशाळेतून नवं डोकं ओतून आणलं. पिस्टनच्या रिंगा मी माझ्या लेथवर कापल्या. पहिल्या तीन घालताना मोडल्या. मामा म्हणाले, पोरी, तू त्यांना जावयासारखं वागवतेस, सुनेसारखं वागव. म्हणजे काय ते मला अजून कळलेलं नाही, पण चौथी बसली.

दर शनिवारी दुपारी मंडळातली चार-पाच माणसं शेडवर यायची. थर्मासमधून चहा आणायची, आणि एकजण नट घासत बसला की बाकीचे तो कसा चुकीचा घासतोय ते सांगत बसायचे. अशी माणसं मला आवडतात. ज्याला स्वतःच्या हौसेची लाज वाटत नाही त्याच्याशी खोटं बोलावं लागत नाही. डॉक्टरही यायचे, पांढऱ्या शर्टात. खिशातून दात बघायचा तो काडीचा छोटा आरसा काढायचे आणि इंजिनाच्या फटीफटीत घालून बघायचे. मग म्हणायचे, ताई, हे चार बोल्ट मूळचे नाहीत. मी म्हटलं, डॉक्टर, तुमच्या पेशंटच्या तोंडातले तरी किती मूळचे ठेवलेत तुम्ही? मामा इतके हसले की त्यांचीच कवळी सुटली.

पहिल्यांदा तो सुरू झाला तेव्हा शेडच्या पत्र्यांनी चाळीस वर्षांची धूळ आमच्या डोक्यावर सोडली. धप, धप, धप. माणूस जिना चढताना दमतो तसा, अजिबात घाई नसलेला आवाज. नंतर मी तो पन्नास वेळा तरी सुरू केला असेल. त्याची युक्ती हाताला कळली होती. हवं त्या दिशेला ढकलायचं नाही, उलट्या दिशेला ढकलायचं. अर्धाच झटका. आतला पिस्टन वरपर्यंत पोचायच्या आत स्फोट होतो आणि चाक तुमच्या हातातून निसटून सुलट फिरायला लागतं. फ्लायव्हीलवरचे तेलाचे थेंब पुढच्या चाकाकडे उडायचे, म्हणून मी तिथे जमिनीवर एक पोतं अंथरून ठेवायचे. दादा दुरुस्तीच्या त्या दोन वर्षांत शेडकडे एकदाही फिरकला नाही. वहिनी मात्र यायची आणि परत जाऊन त्याला सगळं सांगायची, असा मला संशय आहे.

मेळावा गावाबाहेरच्या एका पडीक शेतात होता. सकाळची वेळ. पस्तीस-चाळीस ट्रॅक्टर, चुन्याने आखलेले पट्टे, दोऱ्या, आणि प्रवेशापाशी डॉक्टरांनी लिहिलेल्या नियमांचा लाकडी फलक. एकूण सोळा नियम. चौथा असा की इंजिन सुरू करताना आसनावर दुसरा माणूस हवा. सातवा असा की चालक चुकला तर दुसऱ्या चालकाला एक संधी मिळेल, पण यंत्र चुकलं किंवा ते सुरू करणारा चुकला, तर यंत्र स्पर्धेतून बाद. नियम वाईट नव्हते. ज्याने आयुष्यात कधी नांगरलं नाही त्याने लिहिले होते, एवढंच.

ठरलं असं की मी इंजिन सुरू करायचं, मामांनी ट्रॅक्टर वीस पावलं पुढे नांगरापर्यंत न्यायचा, तिथे नांगर जोडायचा आणि पुढे पट्टा मी नांगरायचा. दादा आला होता. दोरीच्या पलीकडे, अगदी मागे, सायकल हातात धरून.

मी डोकं तापवत होते तेव्हा डॉक्टरांच्या हातात लाउडस्पीकर होता. माझी ओळख करून दिली, मामांची करून दिली, आणि शेवटी म्हणाले की हा दुर्मिळ ट्रॅक्टर संध्याकाळपर्यंत आमच्या हॉलच्या वाटेला लागेल अशी आशा करू या. लोक हसले. मलाही हसता आलं असतं, पण मी हसले नाही. डोकं लालसर झालं होतं. मी स्टीअरिंग उपसून फ्लायव्हीलमध्ये घातलं, पाय रोवले आणि अंगात होती नव्हती तेवढी सगळी ताकद लावून झटका दिला.

अर्धा नाही, सगळा.

धप, धप, धप. इंजिन पहिल्याच झटक्यात लागलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी स्टीअरिंग ओढून मामांच्या हातात दिलं आणि ऐटीत डॉक्टरांकडे वळले, त्यांचं तोंड बघायला. मामांनी स्टीअरिंग बसवलं, पहिला गिअर टाकला, क्लच सोडला.

ट्रॅक्टर मागे निघाला. हळूच, पण थांबायचं नाव न घेता. दोरी तुटली, दोन बाया बाजूला पळाल्या, आणि मागचं मोठं चाक नियमांच्या फलकावर चढलं. लाकूड कडकडलं तेव्हा कुठे मामांनी क्लच दाबला. कुणाला काही लागलं नाही. इंजिन आपलं धप, धप करतच होतं.

मग कुणीतरी ते वाक्य बोललं. गर्दीतलं कुणीतरी, मजेत, सहज. "म्हाताऱ्याला पुढचा मागचा गिअर कळेना झालाय."

मामांचा चेहरा राखेसारखा झाला. साठ वर्षं हाताने काम केलेला माणूस, पण त्याने गिअरच्या दांड्याकडे एकदा बघितलंसुद्धा नाही. लगेच मान खाली घातली. पुटपुटले, चुकला असेल हात, वय झालं आता. माणसावर आळ घ्यायचा तर किती सोपं असतं. कुणीतरी ठाम आवाजात म्हटलं की झालं, बाकीचं तो माणूस स्वतःच करतो.

डॉक्टर जवळ आले. त्यांना वाईट म्हणणार नाही मी, त्या क्षणी ते खरंच चांगले वागले. आवाज खाली आणून म्हणाले की ताई, ही चालकाची चूक, नियम सातप्रमाणे दुसरा चालक घ्या, माझी हरकत नाही, तुम्ही स्वतः बसा. बोलता बोलता ते शर्टावरचं काहीतरी झटकत होते. तेलाचे बारीक काळे ठिपके. ते उभे होते मागच्या चाकापाशी.

तिथे तेल कधीच उडत नव्हतं.

मी खाली बघितलं. सुरू करताना पुढच्या चाकाजवळ अंथरलेलं माझं पोतं आधीच्या जागीच पडलं होतं, कोरडं. मग फ्लायव्हीलकडे बघितलं. एकतीस वर्षं फिरणाऱ्या वस्तूंकडे बघत आले आहे मी. कुठल्या बाजूला फिरतंय हे मला विचार करून कळत नाही, पोटात कळतं. आणि नेमकं आज मी बघितलंच नव्हतं, कारण मला डॉक्टरांचं तोंड बघायची घाई होती. माझ्या पूर्ण झटक्याने पिस्टन वरच्या टोकावरून पलीकडे गेला होता आणि इंजिन मी ढकललं त्याच बाजूला सुटलं होतं. उलटं. आवाज तोच, धूर तोच, पण पहिल्या गिअरमध्ये ट्रॅक्टर मागे जाणार आणि मागच्या गिअरमध्ये पुढे.

आता खरं सांगते. मी लगेच बोलले नाही. पाच-सहा धप जातील एवढा वेळ मी गप्प होते. नुसतं गप्प राहिलं की झालं असतं. मामा स्वतःच चूक कबूल करून बसले होते. चालक बदलायच्या निमित्ताने मी इंजिन बंद करून परत सुलट सुरू केलं असतं, आसनावर बसले असते, पट्टा नांगरला असता आणि ट्रॅक्टर घरी नेला असता. मामांना चार दिवस वाईट वाटलं असतं. म्हाताऱ्या माणसाला चार दिवस वाईट वाटणं यात काय एवढं, असंही मनात येऊन गेलं. इतकं सोपं असतं ते.

आणि मग मला कळलं की बाबांनीही हेच केलं होतं.

मी दोरीपलीकडे बघितलं. दादा ट्रॅक्टरकडे बघत नव्हता, माझ्याकडेही नाही. तो मामांकडे बघत होता.

मी मोठ्याने बोलले. "मामांचा गिअर बरोबर आहे. दांडा बघा, पहिल्यातच आहे. इंजिन उलटं फिरतंय, आणि ते मी उलटं सुरू केलंय. चूक माझी आहे."

डॉक्टरांनी विचारलं, असं होतं का कधी? मी म्हटलं, तुमच्या अकरातला एखादा सुरू केला असतात तर मला विचारावं लागलं नसतं.  ते म्हणाले की तसं असेल तर नाइलाज आहे, सुरू करणारा चुकला म्हणजे यंत्र बाद. नियम दाखवायला वळले, पण फलक चाकाखाली होता. मी म्हटलं, पाठ आहे मला. म्हणजे ट्रॅक्टर गेला. माझ्याच तोंडाने गेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण एक सांगते, मला रडू आलं नाही. उलट खांद्यावरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं होतं. मामा वर मान करून दांड्याकडे बघत होते, पहिल्यांदाच, आणि त्यांच्या तोंडावर परत रंग आला होता.

दादाने सायकल कुणाच्या तरी हातात दिली आणि तो तुटलेल्या दोरीवरून आत आला.

बेचाळीस वर्षांनी तो त्या ट्रॅक्टरच्या हातभर अंतरावर उभा होता. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. खात्याच्या कामावर असल्यासारखा आधी गिअरचा दांडा तपासला, बोटाने खाचा मोजल्या. मामांना विचारलं, नंतर हात लावला होता का? मामा नाही म्हणाले. मग त्याने फ्लायव्हीलकडे बघितलं, बराच वेळ. आणि मला म्हणाला, "करून दाखव."

मी दाखवलं. इंधन कमी करत करत इंजिन अगदी मरायला टेकवायचं. शेवटचा श्वास घेताना चाक वरपर्यंत जात नाही, अर्ध्यातून मागे झुलतं. त्याच क्षणी इंधन द्यायचं. हे मी आधी कधी केलं नव्हतं, पण एकदा कारण कळलं की हात आपोआप शहाणा होतो. चाक झुललं, मी इंधन दिलं, धप, आणि ते सुलट फिरायला लागलं. मामांनी दांड्याला हात न लावता क्लच सोडला. ट्रॅक्टर फलकावरून उतरून पुढे आला.

दादा म्हणाला, परत. मी ते परत उलटं केलं. त्याच गिअरमध्ये ट्रॅक्टर मागे गेला. फलकाचा उरलासुरला भागही मोडला, त्याला माझा इलाज नव्हता. दादा म्हणाला, अजून एकदा, दोनदा झालेलं योगायोगाने होतं. तिसऱ्या वेळी माझं चुकलं आणि इंजिन बंद पडलं. परत ब्लोलॅम्प, परत पंधरा मिनिटं. गर्दीतलं कुणी हललं नाही.  तिसऱ्यांदा ते झालं तेव्हा दादाने मान हलवली, तराजूवर शिक्का मारताना हलवतो तशी.

मग तो ट्रॅक्टरच्या पायरीवर बसला. मी शेजारी गेले. त्याने हळू आवाजात सांगितलं की त्या दिवशी सकाळी बाबांशी त्याचं भांडण झालं होतं, शाळा सोडायची की नाही यावरून. बाबांनी रागातच फ्लायव्हीलला झटका दिला होता. इतक्या जोरात की टोपी पडली. हे त्याला स्वच्छ आठवत होतं. मला त्याने कधी सांगितलं नव्हतं, कारण त्याचा काही संबंध आहे असं त्यालाच वाटलं नव्हतं.

"बाबांना माहीत असेल?" त्याने विचारलं.

"पंधरा वर्षं चालवत होते ते हा. माहीत असणारच, दादा. आणि नसेल तर त्यांनी एकदाही दांडा कुठे होता ते बघितलं नाही. तेही काही कमी वाईट नाही."

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. का बोलू नये? जिवंत माणसाने बेचाळीस वर्षं चौकात सायकलवरून उतरायचं आणि मेलेल्याच्या फोटोला मात्र धक्का लागू द्यायचा नाही, हा कुठला न्याय? बाबांनी मला सायकल शिकवली, पाना धरायला शिकवला, त्यांच्यावर माझं प्रेम होतं आणि आहे. पण एका वाक्याने त्यांनी पोराचे हात बांधले आणि ते सोडवायला त्यांना अडतीस वर्षं सवड झाली नाही. हे मी लिहून ठेवते आहे, म्हणजे घरात कुणाला पुढे विसरायची सोय नको.

डॉक्टर आले. अवघडलेले होते, पण शब्दाचे पक्के. म्हणाले की साहेब, तुम्हा दोघांचं ठरलं होतं तसं ट्रॅक्टर न्यायला मी सोमवारी गाडी पाठवतो. मी ब्लोलॅम्प आवरायला लागले. शब्द दिला होता.

दादा उठला. पँटची धूळ झटकली. आणि ज्या आवाजात तो दुकानदारांना सांगतो त्याच सरळ आवाजात म्हणाला, "माप खोटं निघालं की त्या मापाने केलेली सगळी वजनं रद्द होतात, डॉक्टर. ही अट मी खोट्या मापावर घातली होती. ती मी परत घेतो. ट्रॅक्टर हिचा आहे."

डॉक्टर म्हणाले, पण स्पर्धेतून बादच. दादा म्हणाला, हो, बादच, नियम म्हणजे नियम. एवढं सगळं होऊनही त्याने तेवढं सोडलं नाही, आणि मला हसू फुटलं. डॉक्टरही हसले. मला विचारलं की इंजिन दोन्हीकडे फिरवायचं ते तुम्ही मला शिकवाल का? मी म्हटलं, आधी तुमच्या एका तरी ट्रॅक्टरमध्ये तेल भरा, मग या.

स्पर्धा संपली, मंडळी चहाकडे पांगली, तेव्हा कडेचा एक न आखलेला तुकडा रिकामा होता. मी इंजिन सुरू केलं. अर्धा झटका. फ्लायव्हीलकडे बघितलं, पोत्याकडे बघितलं, मग परत फ्लायव्हीलकडे. नांगर जोडला आणि निघाले. जमीन वरून वाळलेली होती, पण फाळ रुतला तेव्हा आसनाखालून जी ओढ लागली तिच्यापुढे मला बाकी काही सुचलं नाही. सिलिंडर दमदार ठोके देत होता. मागे ओली काळी माती उलटत होती. ट्रॅक्टर असाच बघायचा असतो, मागे वळून.

दादा माझ्या मागून तासातून, म्हणजे नांगराने पाडलेल्या चरातून, चालत होता. मधेमधे वाकून मातीत वीत रोवून खोली बघत होता. टोकाला पोचले, इंजिन हळू केलं, तर तो म्हणाला की खोली ठीक आहे पण मधल्या भागात तास तीन बोटं डावीकडे सरकलंय. मी म्हटलं, ज्याला सरळ नांगरता येतं त्याने वर यावं, खालून अक्कल शिकवू नये.

त्याने आसनाकडे बघितलं, चहापाशी जमलेल्या गर्दीकडे बघितलं. म्हणाला, इतक्या लोकांसमोर नको, मंगळवारी शेडमागच्या मोकळ्या जागेत ये घेऊन. मी म्हटलं, मंगळवारी तुझं ऑफिस असतं. त्यावर त्याने खिशातून पेन काढलं, मामांकडून वहीचा एक कागद मागून घेतला, नांगराच्या दांडीवर ठेवला आणि साहेबांना रजेचा अर्ज लिहायला लागला. कारण काय लिहायचं, ते त्याने मला विचारलं. मी म्हटलं, जे आहे ते लिही. त्याने तसंच लिहिलं.